हर्णेच्या मुलांचे कान दापोलीतच बरे व्हावेत

"कान वाहतोय ना? मोठा झाला की थांबेल." कोकणातल्या घराघरांत हे वाक्य आजीकडून आईकडे आणि आईकडून लेकीकडे आले आहे. कानात कापसाचा बोळा, रात्री लसूण घालून कोमट केलेले खोबरेल, सकाळी उशीच्या अभ्र्यावर पिवळा डाग. चार दिवस शाळा बुडते, मग कान सुकतो आणि विषय संपतो. पुढची सर्दी होईपर्यंत.

हे वाक्य टिकले, कारण पुष्कळदा ते खरे ठरते. लहान मुलाला सर्दी होते, नाकाच्या मागून कानाकडे जाणाऱ्या नळीतून जंतू आत शिरतात आणि कानाच्या पडद्यामागच्या पोकळीत पू साचतो. मुलांमध्ये ही नळी आखूड आणि जवळजवळ आडवी असते, म्हणून मोठ्यांपेक्षा त्यांचे कान लवकर बिघडतात. पुवाचा दाब वाढतो, मूल रात्रभर कळवळते, आणि पहाटे पडदा फाटतो. त्या क्षणी कळ थांबते. पोर गाढ झोपते, घरही सुटकेचा श्वास टाकते. अशी ताजी फाट बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपली आपण जुळून येते. ज्यांची जुळत नाही, त्या मुलांकडे मात्र पुढे फारसे कुणी पाहत नाही, कारण त्यांचे काहीच दुखत नसते.

दोन आठवड्यांहून अधिक काळ कान वाहत राहिला, तर जागतिक आरोग्य संघटना त्याला जुनाट आजार मानते. अशा कानात पडद्याला भोक तसेच राहते. आंघोळीचे पाणी गेले की वाहतो, सर्दी झाली की वाहतो, मध्ये महिनाभर कोरडा राहतो, आणि त्या कोरड्या महिन्यात सगळ्यांना वाटते की बरा झाला. संघटनेने २००४ मध्ये या आजाराचा जगभराचा आढावा काढला. जगात साडेसहा कोटी ते तेहतीस कोटी माणसांचे कान वाहतात आणि त्यांतल्या साठ टक्क्यांच्या ऐकण्यावर लक्षणीय परिणाम होतो, असा तो अंदाज होता. ज्या देशांत हे प्रमाण लोकसंख्येच्या चार टक्क्यांहून अधिक, तिथे तातडीने हालचाल हवी, असे त्यात म्हटले होते. त्या देशांत भारत होता.

कानाचा पडदा असतो करंगळीच्या नखाएवढा. जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतकी, तरी त्याला तीन थर असतात. त्याच्यामागे तीन चिमुकली हाडे एकमेकांना जोडलेली असतात आणि शेवटचे हाड आतल्या कानाच्या इवल्याशा खिडकीवर टेकलेले असते. पडद्याचे क्षेत्रफळ त्या खिडकीच्या सुमारे सतरा पट. हवेतून आलेला आवाज मोठ्या पडद्यावर गोळा होतो आणि लहान खिडकीवर वीसेक पट दाबाने पोचतो. पडद्याला भोक पडले की ही सारी योजना ढिली होते. भोक लहान असेल तर नुकसान थोडे, मोठे असेल तर तीस-चाळीस डेसिबलपर्यंत. समोरासमोरचे साधे बोलणे साठ डेसिबलच्या आसपासचे असते. त्यातून चाळीस वजा केले तर उरते ती कुजबुज.

हे मूल बहिरे दिसत नाही. हाक मारली तर ओ देते, मोबाइलवरची गाणी ऐकते, खेळात पुढे असते. अडते ते वर्गात. गुरुजी फळ्याकडे तोंड करून बोलू लागले की त्याचे अर्धे वाक्य हरवते. 'स', 'श', 'त', 'थ' असे हलके उच्चार आधी गळतात, मग शुद्धलेखनात चुका दिसू लागतात. त्यात कोकणातली शाळा, चार महिने कौलांवर आणि पत्र्यांवर कोसळणारा पाऊस, आणि हर्णेसारख्या बंदरावर वर्षभर वाहता वारा. अशा गोंगाटात धडधाकट कानाचे मूलही ताणून ऐकते. फुटक्या पडद्याचे मूल ऐकायचा नाद सोडते आणि शेवटच्या बाकावर सरकते. प्रगतिपुस्तकात शेरा येतो, लक्ष देत नाही. हा शेरा त्या मुलावर अन्याय करतो, आणि तो लिहिणाऱ्या शिक्षकाला बिचाऱ्याला याची कल्पनाही नसते, कारण वर्गातल्या कुठल्या मुलाचे ऐकणे किती आहे, हे त्याला कधी कुणी सांगितलेलेच नसते.

कानाच्या दुखण्यांत एक जात याहून घातक आहे. पडद्याच्या वरच्या भागात किंवा काठाशी त्वचेचा पापुद्रा आत वळतो, त्याची पिशवी बनते आणि ती हळूहळू हाड खात जाते. असा कान थोडाच वाहतो, पण त्याला घाण वास येतो. तो वास म्हणजे धोक्याची सूचना. यातून चेहऱ्याची एक बाजू लुळी पडू शकते, मेंदूत गळू होऊ शकते. ऑस्कर वाइल्ड हा लेखक १९०० मध्ये पॅरिसमध्ये वारला तो कानाच्या जुन्या दुखण्यातून उद्भवलेल्या मेंदूज्वराने, असे मत त्याच्या आजारपणाचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांनी मांडले आहे. मरणाआधी काही आठवडे हॉटेलच्या खोलीतच त्याच्या कानावर शस्त्रक्रिया झाली होती. त्याचे वडील सर विल्यम वाइल्ड हे आयर्लंडमधले त्या काळचे सर्वांत नावाजलेले कानाचे शल्यविशारद होते. तेव्हा प्रतिजैविके नव्हती, कानात खोलवर पाहू देणारे सूक्ष्मदर्शक यंत्र नव्हते. आज दोन्ही आहे. त्यामुळे आज कोकणातल्या एखाद्या मुलाचा वास मारणारा कान वर्षभर बोळ्याखाली झाकून राहिला, तर त्याला शंभर वर्षांपूर्वीची सबब चालणार नाही.

उपचार काय, हे वैद्यकाला पुरते ठाऊक आहे. फुटका पडदा झाकायची धडपड १६४० मध्येच सुरू झाली होती. मार्कस बांझर या जर्मन वैद्याने डुकराच्या मूत्राशयाची त्वचा ताणून बसवलेली नळी कानात घातली होती. खरी वाट सापडली ती १९५० च्या दशकाच्या आरंभी, जर्मनीतच. होर्स्ट वुलस्टाइन आणि फ्रिट्झ झोलनर या दोघांनी पडदा आणि त्यामागची हाडांची साखळी दुरुस्त करण्याचे शास्त्र उभे केले आणि त्याच सुमारास शस्त्रक्रियेसाठीचा सूक्ष्मदर्शक हाताशी आला. त्या शस्त्रक्रियेला टिम्पॅनोप्लास्टी म्हणतात.

मुलांना ती पूर्ण भूल देऊन करतात. कानाच्या मागे छोटा छेद घेतात, किंवा दुर्बीण वापरून कानाच्या नळीतूनच आत जातात. कानशिलातल्या स्नायूवर एक पातळ पांढरे आवरण असते. त्याचा रुपयाएवढा तुकडा काढतात, खरवडून पसरतात आणि कागदासारखा कडक होईपर्यंत वाळू देतात. तोवर पडद्याच्या भोकाची जुनी, बुजलेली कड बारीक सुईने सोलून ताजी केली जाते, कारण जखम ताजी असल्याशिवाय ती भरून यायला सुरुवात होत नाही. मग तो वाळलेला तुकडा भोकाच्या आतल्या बाजूने सरकवायचा, पहिल्या हाडाच्या दांड्याशी नीट बसवायचा, आणि विरघळणाऱ्या स्पंजचे बारीक तुकडे दोन्ही बाजूंनी भरून त्याला आधार द्यायचा. मुलांमध्ये अनेक सर्जन त्या आवरणाऐवजी कानाच्या पाळीजवळची पातळ कूर्चा वापरतात, कारण सर्दीमुळे कानात दाब कमी झाला तरी कूर्चा आत ओढली जात नाही. तास-दोन तासांचे काम. मूल त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी.

खरी कसोटी त्यानंतर. आठवड्याने टाके, मग उरलेला स्पंज काढायला एक फेरी, मग पडदा धरला की नाही ते पाहायला दुसरी, तीन महिन्यांनी ऐकण्याची चाचणी. मधल्या काळात कानात पाण्याचा थेंब जायला नको, नाक जोराने शिंकरायचे नाही, शिंक आलीच तर तोंड उघडे ठेवून द्यायची. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला हे पाळायला लावणे सोपे नसते, पण आईने एकदा मनावर घेतले की होते.

मुलांवर ही शस्त्रक्रिया कधी करावी, यावर डॉक्टरांत एकमत नाही, आणि ते प्रामाणिक मतभेद आहेत. मुलांची नाकामागून कानाकडे जाणारी नळी सात-आठ वर्षांनंतर मोठ्यांसारखी काम करू लागते, त्याआधी सर्दी-पडशी सारखी चालू असते, म्हणून थांबावे, असे एक मत. शाळेची पहिली वर्षे बहिरेपणात घालवणे परवडत नाही, म्हणून लवकर करावे, असे दुसरे. प्रसिद्ध झालेल्या अनेक अभ्यासांचा एकत्र विचार केला तर मुलांमध्ये शंभरातले ऐंशीहून अधिक पडदे जुळतात. मोठ्या माणसांपेक्षा हे यश थोडे कमी आहे, फार कमी नाही. एक कान उत्तम असेल आणि दुसऱ्यातले भोक कोरडे असेल, तर वाट पाहायला हरकत नाही. दोन्ही पडदे फुटलेले असतील आणि मूल वर्गात मागे पडत असेल, तर 'मोठा होऊ दे' हा सल्ला चुकीचा आहे. आणि वाट पाहायची म्हणजे विसरायचे नव्हे. त्या काळात कान कोरडा ठेवणे, डॉक्टरांनी दिलेले थेंबच वापरणे, गरज पडल्यास श्रवणयंत्र, आणि पहिल्या बाकावरची जागा, एवढे तरी त्या मुलाला मिळायलाच हवे. तेल कानात नको. दुकानातून आपल्या मनाने आणलेले थेंबही नकोत, कारण पडदा फुटलेला असताना काही औषधे आतल्या कानापर्यंत पोचून कायमचा अपाय करू शकतात.

मग हर्णेच्या मुलापर्यंत हे सगळे का पोचत नाही? कायदे, योजना, कागद यांची कमतरता नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातल्याच पालघरमधून सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांचे तीस आजार त्यात शोधायचे आहेत आणि त्या यादीत कान वाहणेही आहे, कमी ऐकू येणेही आहे. दोन डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता अशी पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा जातात. बहिरेपणा रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम त्याहून जुना, २००६-०७ चा. पैशाची बाजू पाहिली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना राज्यातल्या सर्व कुटुंबांना लागू करण्याचा आणि विमाकवच पाच लाखांवर नेण्याचा निर्णय सरकारने २०२३ मध्ये घेतला.

अडते ते अंतरावर. शाळेत डॉक्टरने कान पाहिला, वहीत नोंद केली, चिठ्ठी दिली. ती चिठ्ठी घेऊन जायचे कुठे? हर्णेहून दापोलीचे उपजिल्हा रुग्णालय पंधरा-सोळा किलोमीटरवर. पण कानाची सूक्ष्म शस्त्रक्रिया, लहान मुलाला सुरक्षित भूल देणारा तज्ज्ञ, आवाज बंद खोलीतली श्रवणचाचणी हे सगळे एकत्र हवे तर चिपळूणच्या पुढे डेरवणचे वालावलकर रुग्णालय, नाहीतर शंभर किलोमीटरहून लांब रत्नागिरी, नाहीतर खेडहून गाडी पकडून मुंबई. मुंबईत कोणी चाकरमानी नातलग असेल तर केईएम किंवा नायर रुग्णालय गाठता येते. नसेल तर चिठ्ठी देव्हाऱ्यामागे जाते.

या किनाऱ्याने अंतराची किंमत फार जुन्या काळापासून मोजली आहे. हर्णेजवळच्याच मुरूडचे धोंडो केशव कर्वे परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून साताऱ्यापर्यंत चालत गेले, आणि वयाने लहान दिसतो म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. आता रस्ते आहेत, एसटी आहे. तरी मच्छीमार घराचा हिशेब वेगळा असतो. खलाशाला पगार नसतो, मिळालेल्या मासळीत वाटा असतो, नौका गेली आणि तो घरी राहिला तर त्या फेरीचा वाटा बुडाला. हर्णेला संध्याकाळी होड्या येतात, उथळ पाण्यात बैलगाड्या उतरतात, टोपल्या वाळूवर ओतल्या जातात आणि लिलाव सुरू होतो. त्या वेळी बाईमाणूस तिथे नसेल तर दुसऱ्या दिवशी विकायला मासळी नाही. शस्त्रक्रिया योजनेत फुकट झाली तरी आधीच्या दोन फेऱ्या आणि नंतरच्या चार, प्रत्येक फेरीला अख्खा दिवस आणि दोन माणसांची कमाई. गरीब घर हा हिशेब बरोबर करते आणि थांबते. त्यांना अडाणी म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही.

म्हणून शस्त्रक्रिया त्यांच्याजवळ आणली पाहिजे. रत्नागिरीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. वैद्यकीय महाविद्यालय म्हटले की कान-नाक-घसा विभाग आलाच. त्या विभागाचे एक पथक महिन्यातून ठरलेल्या दोन दिवशी दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात बसले, सोबत श्रवणतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ असले, तर हर्णे, आंजर्ले, केळशी, आडे, दाभोळपर्यंतच्या सगळ्या चिठ्ठ्या एका ठिकाणी येतील. पूर्वी यासाठी जड सूक्ष्मदर्शक लागे. आता दुर्बीण, कॅमेरा आणि स्क्रीन एवढ्यावर बरेचसे पडदे दुरुस्त होतात आणि ते सामान गाडीतून नेता येते. अवघड कान, वास मारणारे कान, हाड खाल्लेले कान मोठ्या रुग्णालयातच गेले पाहिजेत, पण ते वेगळे काढायलाही आधी कुणीतरी दापोलीत बसलेले हवे.

इथे एक सावधगिरी. शिबिरांचा मोह टाळावा. मंडप, फलक, एका दिवसात वीस शस्त्रक्रिया, फोटो, आणि पुढच्या आठवड्यात स्पंज काढायला कुणीच नाही, असे कानाच्या बाबतीत चालत नाही. मोतीबिंदूत शिबिरांनी मोठे काम केले हे खरे. मुलाच्या कानाला मात्र तोच डॉक्टर तीन महिने पुन्हा पुन्हा भेटावा लागतो. ज्याने छेद घेतला, त्यानेच शेवटची श्रवणचाचणी पाहून सही करावी, असा नियमच असावा.

घराघरांत करण्यासारखेही पुष्कळ आहे. बाळाला झोपवून बाटलीने दूध पाजू नये, आईचे दूध कानांचेही रक्षण करते, घरात बिडी-सिगारेट आणि चुलीचा धूर कमी व्हावा, आणि न्यूमोकोकल लस, जी २०२१ पर्यंत देशभरातल्या सरकारी लसीकरणात आली, ती चुकवू नये. आणि थप्पड. कानाखाली ठेवून देणे ही मराठी घरांत आणि शाळांत फार सहज येणारी धमकी आहे. उघडा पंजा कानावर बसला की आतली हवा दाबली जाते आणि निरोगी पडदाही क्षणात फाटू शकतो. शिक्षण हक्क कायद्याने २००९ मध्ये शाळेतल्या शारीरिक शिक्षेवर बंदी घातली. घरातल्या शिक्षेवरची बंदी आईबापांनीच घालायची आहे.

समुद्राचे काय? किनाऱ्यावरच्या पोरांना पाण्यापासून कोण रोखणार, हा प्रश्न पालक विचारतात. ऑस्ट्रेलियात आदिवासी मुलांमध्ये फुटक्या पडद्यांचे प्रमाण फार मोठे आहे. तिथल्या दोन दुर्गम वस्त्यांत पोहण्याचे तलाव बांधल्यावर मुलांचे त्वचारोग घटले आणि दोन्ही वस्त्यांत फुटक्या पडद्यांचे प्रमाणही कमी झाले, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्या चाचणीत कानांचा तो फायदा दिसला नाही. पण एवढे कळते की पोहणे हे या आजाराचे मूळ नाही. मूळ सर्दीत, दाटीवाटीत आणि अर्धवट उपचारात आहे. भोक असलेल्या कानाने मात्र पाण्यात जाऊ नये, आणि शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर सांगेपर्यंत तर नाहीच.

दापोलीच्या या कामाचे वेळापत्रक बंदराकडूनच घ्यावे. १ जूनला मासेमारी बंदी लागते, नौका किनाऱ्याला ओढल्या जातात आणि बापमाणूस घरी असतो. पावसात सर्दी असते, कान ओले असतात, ते दिवस शस्त्रक्रियेचे नव्हेत, तयारीचे आहेत. जून-जुलैत शाळेच्या यादीतले प्रत्येक मूल दापोलीत एकदा यावे, कान स्वच्छ करून थेंब सुरू व्हावेत, नाकामागच्या गाठी वाढल्या आहेत का ते पाहावे, श्रवणचाचणी व्हावी आणि भुलेसाठी तब्येत तपासली जावी. पाऊस ओसरला की सुकलेले कान निवडायचे आणि दिवाळीच्या सुट्टीत शस्त्रक्रिया करायच्या. टाके आणि पहिली तपासणी सुट्टीतच उरकते, शाळा फारशी बुडत नाही. तीन महिन्यांची श्रवणचाचणी फेब्रुवारीच्या आसपास येते, तेव्हा मुलाच्या हातात नवा ऑडिओग्राम असेल आणि वार्षिक परीक्षेला अजून दीड-दोन महिने असतील. त्या कागदाची एक प्रत वर्गशिक्षकांकडे जावी, म्हणजे त्या मुलाला कुठे बसवायचे हे त्यांना अंदाजाने ठरवावे लागणार नाही.